अर्धी राखलेली गोष्ट

गोष्ट ऐन रंगात आली असताना शेजारचे आजोबा उठले, चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि म्हणाले, "आज एवढं पुरे." मी ओट्याशी सुरी हातात घेऊन उभी. समोर अर्धा सोललेला नीरफणस, बोटं चिकाने एकमेकांना चिकटलेली, आणि कानात मघापासूनची ती होडी. सापकिनी नावाच्या माणसाने बांधलेली, सोळा जणांची होडी. चहूकडे नुसतं पाणी, जमिनीचा पत्ता नाही. आभाळ समुद्राला टेकतं तिकडे ती निघाली. वाटेत लिदाकिका नावाची ऑक्टोपसबाई भेटली आणि तिने उथळ पाण्याची जागा सांगितली. जाऊन बघतात तर प्रवाळाचा होडीएवढाच खडक, लाट आली की दिसेनासा होणारा. यांनी दगड रचावेत, लाटेने पाडावेत. मग भोवती प्रवाळाचं कुंपण घातलं. तेही पुरेना तेव्हा तिवरांचं रान लावलं, दुसरीकडून माती आणली आणि मधोमध दगडांची वेदी केली. त्या वेदीवर उभं राहिलेलं बेट म्हणजे पॅसिफिक महासागरातलं पोनपेई. काम झालं तशी माणसं परत गेली, फक्त एक जोडपं मागे राहिलं. मी विचारलं, "त्यातली बाई कोणाच्या कुळातली?" आणि नेमके तिथे आजोबा उठले.

आम्ही होनोलुलूत राहतो. आमच्या इमारतीत पोनपेईची, शेजारच्या चुक नावाच्या बेटांवरची, मार्शल बेटांवरची बरीच घरं आहेत. अमेरिकेशी १९८६ साली अमलात आलेल्या करारामुळे या लोकांना इथे व्हिसाशिवाय येता येतं, राहता येतं, काम करता येतं. आजोबा मूत्रपिंडाच्या उपचारासाठी आले आणि लेकीकडे राहिले. मागच्या अंगणातल्या झाडाचा नीरफणस ते मला आणून देतात, मी त्याचे आमच्या देवगडसारखे रव्यात घोळवून काप करते. त्यांना ते आवडतात, पण हे फळ तापल्या दगडांवर अख्खं भाजायचं सोडून असं चकत्या करून तळणं म्हणजे जरा नखरेच, असंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. नीरफणसाबद्दल बोलायचा त्यांना हक्कच आहे. त्यांचं कूळ दिप्विनपानमेई, म्हणजे नीरफणसाखालचे लोक. हे कूळ आईकडून येतं. बापाचं कूळ वेगळं, बायकोचं वेगळं, आणि पोरांना मिळतं ते बायकोचं.

त्या "एवढं पुरे"ने मला पुढे कितीतरी दिवस सुखाने बसू दिलं नाही. एक तर माझा पेशा आड येतो. मी एका ग्रंथालयात जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदी करते; कोण बोललं, कुठे, कशाबद्दल, किती वेळ. टेप मध्येच संपली की मला चुकचुकल्यासारखं होतं. आणि इथे तर टेप संपली नव्हती, माणसाने हाताने बंद केली होती. थकले असतील म्हणावं, तर त्यानंतर तेच आजोबा खाली जाऊन अर्धा तास मासळीच्या भावावरून कोणाशी तरी हुज्जत घालत उभे होते.

नंतर कळत गेलं की त्यांनी रीतच पाळली होती. पोनपेईत कुळांच्या, बेटाच्या पवित्र इतिहासाला पोआदोआपोआद म्हणतात आणि तो जाणणाऱ्याला सोउपोआद. हा जाणता माणूस आपल्याला ठाऊक असलेलं सगळं कधीच सांगत नाही. स्वतःच्या मुलाभाच्यांनाही हप्त्याहप्त्याने देतो आणि शेवटचा हप्ता अगदी मरणाच्या दारात. सगळं सांगून टाकलं तर आतलं बळ जातं, माणूस फार जगत नाही, अशी समजूत आहे. शिवाय मनातलं मनात ठेवता येणं हा तिथे मोठेपणाचा गुण. कानेनगामा म्हणतात त्याला. आपल्याकडे कमी बोलणाऱ्याला आतल्या गाठीचा म्हणून नावं ठेवतात. पोनपेईत त्याला मान मिळतो, पदवी मिळते.

आणि हे नुसतं गूढ वगैरे नाही, त्यामागे रोकडा व्यवहार आहे. कुळाची गोष्ट हा त्या कुळाचा सातबारा असतो. कोण आधी आलं, कोणाच्या पूर्वजाने कुठल्या ओढ्याला नाव दिलं, कोणत्या बहिणीची शाखा थोरली, यावर मान, पदव्या आणि एके काळी जमिनीही ठरत. उद्या वाद निघाला तर तुमची गोष्ट तुमचा पुरावा. मग तो पुरावा चारचौघांत अख्खा उलगडून कोण ठेवेल? समोरचा तो ऐकेल, घरी जाऊन त्यात आपली आजी घुसवेल आणि पुढच्या पिढीत तुमच्याच गोष्टीने तुम्हाला हरवेल. जाणते लोक म्हणून एखादं नाव गाळतात, दोन प्रसंगांची अदलाबदल करतात. खरी गोष्ट माहीत असलेल्याला ते लगेच कळतं, परक्याला कळत नाही. हॅम्बुर्गहून १९०८ ते १९१० या काळात आलेल्या जर्मन मोहिमेने या बेटांवरून गोष्टींचे खंडच्या खंड नेले. त्यातलं किती कसं दिलं गेलं असेल, या विचाराने मला आता जरा गंमतच वाटते.

नीरफणसाखालच्या लोकांची थोरली गोष्ट मात्र आजोबांनी पुष्कळशी सांगितली, कारण ती बेटावर सगळ्यांना थोडीफार ठाऊक आहे. नान मादोल या पोनपेईच्या जुन्या दगडी नगरात सौदेलेउर राजांची सत्ता होती. शेवटचा सौदेलेउर फार माजला. त्याने मेघगर्जनेचा देव नानसाप्वे याचाही अपमान केला. देव पूर्वेकडे काताउ नावाच्या देशी गेला. तिथे त्याच्याच कुळातली एक वृद्ध बाई होती, तिला त्याने एक लिंबू खायला दिलं. इथे आजोबा थांबले, डोळे घट्ट मिटले, गाल आत ओढले, सगळा चेहरा आंबट केला आणि खांदे असे शहारले की माझ्याही दातांना कळ आली. त्या आंबट रसाने ती गरोदर राहिली. पोटातला मुलगा इसोकेलेकेल. तो मोठा होऊन ३३३ माणसं घेऊन आला, सौदेलेउरचा पाडाव केला आणि मादोलेनिम या पोनपेईच्या एका भागाचा पहिला नान्मवार्की, म्हणजे सर्वोच्च प्रमुख झाला. ती गादी आजही याच कुळात चालते. लिंबाचा चेहरा आजोबांच्या मामाने त्यांना शिकवला होता. मामाला कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही.

नान मादोल मी पाहिलंय. ग्रंथालयाच्या कामासाठी पोनपेईला गेले होते तेव्हा भरती बघून होडीने आत गेलो. ओहोटीला होडी तळाला घासते. प्रवाळाच्या उथळ पाण्यात माणसांनी रचलेली शंभराच्या आसपास बेटं, मधून कालवे, आणि बेसॉल्टचे लांबच लांब खांब सरपणाच्या मोळीसारखे आडवेउभे रचून केलेल्या भिंती. काही भिंती दुमजली घराला मागे टाकतील. हे खांब बेटाच्या पार दुसऱ्या टोकाकडूनही आणलेले. कसे, तर ओलोसोपा आणि ओलिसिपा या भावांनी मंत्राने उडवत आणले. २०१६ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलं ते त्याच वेळी धोक्यातल्या यादीतही घातलं, कारण तिवरं भिंतींत मुळं खुपसतायत आणि कालवे गाळाने भरतायत. होडीवाला तरुण, कानात इअरफोन. मी एका बेटाकडे बोट दाखवलं की तो नाव सांगे, दुसऱ्याकडे दाखवलं की गप्प. मला वाटलं त्याला माहीत नसेल. तर म्हणाला, "माहीत आहे. पण ते त्यांचं आहे, त्यांना विचारा." ईदेद नावाच्या बेटावर एक पवित्र वाम ठेवलेली असे आणि तिला कासवाची आतडी खाऊ घालत, एवढं मात्र त्याने सांगितलं. वाम खायची नाही, हेही. लासियालाप कुळाची ती पूर्वज. आपल्याकडे देवकाच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, तसाच काहीसा सोवळेपणा.

त्याच मुक्कामात एका रात्री नासमध्ये बसले होते. नास म्हणजे तीन बाजूंनी ओटा असलेली सभागृहासारखी मोठी झोपडी. पाऊस कोसळत होता. पोनपेईत तो कोसळतोच. मधल्या मातीच्या जमिनीवर पुरुष सपाट दगडावर सकाउची, म्हणजे तिथल्या गुंगी आणणाऱ्या पेयाची, मुळं ठेचत होते. दगडावर दगड आपटल्याचा घंटेसारखा स्वच्छ आवाज, त्याला ताल, तालातच वेग वाढायचा आणि एकदम सगळे थांबायचे. मग तो चोथा जास्वंदीच्या जातीच्या झाडाच्या ओल्या सालीत गुंडाळून पिळायचा. जे गळतं ते राखाडी, बुळबुळीत, चवीला थेट चिखल. पहिली करवंटी सर्वात मोठ्या पदवीच्या माणसाला, मग क्रमाने खाली. ओठ बधिर झाले की गोष्टी निघतात. पण बघितलं तर पदवीने मोठा माणूस सगळ्यांत कमी बोलत होता. कोपऱ्यातला एक तरुण जरा जास्त रंगात येऊन सांगायला लागला तेव्हा त्या मोठ्या माणसाने नुसतं खोकून त्याला बसवलं.

काताउ कुठे, हा प्रश्न मात्र मला गप्प बसू देईना. पोनपेईचे बरेच लोक पूर्वेला हात करून सांगतात, कोसराय बेट. चुककडे याच जागेला काचाउ म्हणतात आणि तिथल्या कुळांतही आम्ही काचाउहून आलो अशा कथा आहेत. चुकलाही एक 'नीरफणसाखालचं' कूळ आहे, फानिमेई. मानववंशशास्त्रज्ञ वॉर्ड गुडइनफ १९४७ पासून चुक बेटांवर काम करणारे. त्यांचं म्हणणं पडलं की काचाउ हे मुळात समुद्रातलं बेट नसून आभाळातलं ठिकाण असावं. असेल. पण लोकांच्या मनात ते कोसराय आहे. आणि खुद्द कोसरायमध्ये काय झालं? देवमाशांच्या शिकारीची जहाजं आली, त्यांच्याबरोबर रोग आले. १८५२ मध्ये मिशनरी आले. हजारोंच्या वस्तीचं हे बेट १८८० च्या सुमारास तीनएकशे माणसांवर आलं. चार कुळं होती, पेनमे, तोन, लिस्ङे आणि नेउस. त्यांचा व्यवहार मोडला, आणि वेळ मिळाल्यावर सांगू म्हणून राखून ठेवलेलं जे काही असेल ते थडग्यांत गेलं. तिथल्या लेलूच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत, नान मादोलच्या तोडीच्या.

म्हणजे निम्म्या समुद्राचं मूळ गाव, आणि गावालाच काही आठवत नाही.

हे वाचलं तेव्हा आजोबांचा मला रागच आला. राखून ठेवायची रीत माणसं भरपूर असतात तेव्हा शोभते. मामा असतो, भाचा असतो, दोघांनाही भरपूर वर्षं असतात, मग हप्त्याने द्या. पण आठवड्यातून तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत बसणाऱ्याने कोणाच्या भरवशावर राखायचं? त्यांचा भाचा ऑरेगनमध्ये ट्रक चालवतो, गोष्ट ऐकायला यायचं तर विमानाचं तिकीट काढावं लागतं.

मी हे त्यांना बोलून दाखवलं, जरा नरम शब्दांत. त्यांनी मला विचारलं, "तुमचं सांगा. तुम्ही कुठल्या?" आता हा प्रश्न मराठी माणसाला विचारलात तर ऐकायची तयारी ठेवा. देवगड, पण मूळचे गोव्याचे. कुलदैवत मंगेशी, पण तेही मूळचं तिथलं नव्हे. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा १५६० मध्ये कुशस्थळीहून नदीपार हलवलेलं. म्हणजे देवही विस्थापित आणि आम्हीही. कधी निघालो, का निघालो, देवगडला आधी कोणाच्या पडवीत राहिलो? माझ्या आत्याला यातलं काही माहीत होतं. तिला विचारलं की ती म्हणायची, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये. लहानपणी वाटायचं, टाळायला म्हण बरी सापडलीय. आजोबांना मी ती म्हण समजावून सांगितली. ते इतके हसले की लेक आतून बघायला आली. "तुमची आत्या आमच्याकडची," म्हणाले. आमच्या घरात नक्की काय झाकलं होतं हे आत्या गेल्यावर कोणालाच सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मधल्या त्या कोऱ्या जागेमुळेच मी इतकी वर्षं त्याचा विचार करत्येय. वंशावळ छापून आली असती तर कपाटात गेली असती. हे पटतं आणि पटतही नाही.

पोनपेईत एक म्हण आहे, 'पोनपेई सोते एहु'. पोनपेई एक नाही. दोन कुळं एकच घटना दोन तऱ्हांनी सांगतात आणि कोणी कोणाला खोटं पाडत नाही, निदान तोंडावर. लिहिलं की मात्र एकच उरतं. लुएलेन बर्नार्ट नावाच्या, पोनपेईतल्याच किट्टी भागातल्या माणसाने आपल्या भाषेत बेटाचा इतिहास वहीत उतरवला. १९४६ मध्ये तो वारला आणि पुढे त्याचं पुस्तक झालं. आज अभ्यासक त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आजोबांना विचारलं तर म्हणतात, "चांगला माणूस. पण ती त्याच्या घराची वही." बेटावर जर्मनांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी १९१२ मध्ये जमिनीचे कागद केले तेही असेच. जमीन बापाकडून थोरल्या मुलाला, असा नियम आला. कूळ आईकडून आणि जमीन बापाकडून, अशी फारकत झाली ती कायमची. कुळाच्या हाती त्यानंतर उरलं ते मुख्यतः मान, पदव्या आणि गोष्ट. मग ती त्यांनी आणखी घट्ट धरली तर नवल काय?

पण सगळ्याच बेटांवर, सगळ्याच गोष्टी अशा कुलपात नसतात, हेही आमच्या इमारतीतच कळलं. दुसऱ्या मजल्यावरची मार्शल बेटांची आजी जिन्यात बसून कोणाच्याही पोरांना लोक्तान्युरची गोष्ट सांगते. लोक्तान्युरचे मुलगे आइलिंगलाप्लाप या कड्यासारख्या प्रवाळबेटावर होड्यांची शर्यत लावतात, जिंकेल तो प्रमुख. आई जड गाठोडं घेऊन किनाऱ्यावर उभी. थोरल्या तुमुरला म्हणते, मला घे. तो म्हणतो, धाकट्याबरोबर ये. एकेक मुलगा तेच म्हणतो. शेवटी सर्वात धाकटा जेब्रो तिला घेतो आणि वल्ही मारणाऱ्यांत मागे पडतो. मग आई गाठोडं सोडते. त्यात शीड असतं, जगातलं पहिलं. जेब्रो आज कृत्तिकांत आहे आणि तुमुर म्हणजे वृश्चिकेतली ती तांबूस ज्येष्ठा. धाकटा उगवला की थोरला समुद्रात तोंड लपवतो. आभाळात बघा, खरंच दोघं समोरासमोर टिकत नाहीत. ही गोष्ट सगळ्यांची आहे, कारण तिच्यावरून कोणाच्या नारळाच्या बागेचा निकाल लागत नाही. पण त्याच आजीला तिच्या ब्विजची, म्हणजे आईकडच्या वंशाची गोष्ट विचारली तेव्हा ती म्हणाली, ती सांगायची तर मला त्या जमिनीवर उभं राहायला हवं. १९४६ ते १९५८ मध्ये अमेरिकेने मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या. त्यातल्या बिकिनी बेटाची माणसं तर पहिल्या चाचणीआधीच हलवली. खडक, विहीर, होडी लावायची जागा, यांच्याकडे बोट दाखवत सांगायची गोष्ट बोट दाखवायला काही नसताना कशी सांगणार? आजीच्या बहिणी आर्कान्सात स्प्रिंगडेलला असतात, कोंबड्यांच्या कारखान्यांच्या गावात.

कुलूप उघडणाऱ्याचं उदाहरणही याच समुद्रातलं. सातावाल बेटाचे माउ पियाइलुग, ताऱ्यांवरून आणि लाटांवरून होडी नेणारे. ही विद्या घराण्याबाहेर द्यायची नाही असा दंडक. आपल्या बेटावरची पोरं ती शिकेनात, हे बघून त्यांनी ती हवाईच्या लोकांना दिली. १९७६ मध्ये होकुलेआ ही होडी उपकरणांशिवाय ताहितीला नेली. घरचे लोक रागावले. २००७ मध्ये त्यांनी सातावालला त्या हवाईयन शिष्यांना रीतसर प्वोची, म्हणजे जाणत्या नावाड्याची, दीक्षाही दिली. २०१० मध्ये ते गेले. हवाईत त्यांना देवमाणूस मानतात, आणि मानावंच. फक्त मला एक गोष्ट राहून राहून वाटते. ते शिकवू शकले, कारण वारा कोणाच्या बापाचा नसतो. तारा चुकला की होडी चुकते आणि शिष्याला तिथल्या तिथे कळतं. कुळाच्या गोष्टीला अशी कसोटी नाही. ती चुकीच्या तोंडी गेली तर बरोबर वाटत राहते.

आजोबांची नात इथेच जन्मली, कॉलेजात आहे, पोनपेईयन कळते पण उत्तर इंग्रजीत देते. तिने मध्यंतरी फोन टेबलावर उपडा ठेवून आजोबांचं बोलणं मुद्रित करायचा घाट घातला. आजोबांना तो लाल ठिपका दिसला नसेल असं तिला वाटलं. त्यांनी त्या दिवशी तासभर फक्त यामाची, म्हणजे कोनफळासारख्या कंदाची, लागवड कशी करतात ते सांगितलं, खताच्या खड्ड्याच्या मापासकट. ती वैतागून माझ्याकडे आली. मी माझ्या पेशाला जागून म्हटलं, तारीख घालून ठेव, तेही लागेल. पण तिला यामाची लागवड नको होती. तिला एका मुलाबद्दल विचारायचं होतं. चर्चच्या व्हॉलीबॉल संघातला, आईबाप पोनपेईचे, स्वभावाने बरा. अडचण एवढीच की एका कुळात लग्न होत नाही, आणि त्या मुलाला आपलं कूळच धड माहीत नव्हतं. तो बापाचं सांगत होता.

"त्याला म्हणावं, आईला फोन कर," मी म्हटलं.

त्याने केला. आई पोनपेईला, तिथे पहाट. तिने कूळ सांगायला पाऊण तास घेतला, पण त्याआधी ती म्हणाली, मुलगी कोणाची आहे ते सांग, मग ठरवते तुला किती सांगायचं ते.